साडूंची हत्तीवाट

वाशिम शहर आणि पंचक्रोशीतल्या समस्त नागरिकांना, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की माझे साडू लोकांच्या घरांतून आरपार जातात. चोरी करत नाहीत, चहा मागत नाहीत. पुढच्या दाराने शिरतात, मागच्या दाराने निघतात. कारण विचारलं की शांतपणे सांगतात, "रस्ता इथूनच जाते न भाऊ."

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आपण ते परीक्षेत लिहितो आणि विसरतो. साडू विसरले नाहीत. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून ते गल्लीगल्लीने ती राजधानी शोधत हिंडायला लागले आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं की जुन्या वेशीपासून तळ्यापर्यंत राजाच्या हत्तींचा रस्ता होता आणि तो नाकासमोर सरळ होता. सरळच का? "हत्ती वळते कायले? त्याले काय पानठेला आडवा येते?" पुढच्या दीड हजार वर्षांत त्या रस्त्यावर लोकांनी घरं बांधली, हा साडूंच्या मते लोकांचा प्रश्न. पुरावा मागितला की ते माझ्याकडे असं पाहतात, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात.

मी मेडशीचा. कामानिमित्त एसटीने वाशिमला गेलो की जेवण साडूंकडे ठरलेलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "चला साडभाऊ, राजवाड्याकडून येऊ," तेव्हा मी बिचारा नवे बूट घालून निघालो. चौकापर्यंत सगळं सभ्य होतं. मग साडू वळणावर वळलेच नाहीत. थेट भांड्यांच्या दुकानात शिरले. गादीवरच्या शेटजींनी मान वर न करता म्हटलं, "चप्पल काढून जा." साडूंनी चप्पल हातात घेतली, मी बूट घेतले, आणि पितळी हंड्यांच्या मधून आम्ही गोदामात, गोदामातून बोळात आलो. मला वाटलं, सुटलो. साडू समोरच्या घरात शिरले. तिथे एक बाई भाकरी थापत होत्या. परक्या स्वयंपाकघरात, हातात बूट आणि पायात भोकाचा मोजा, अशा अवस्थेत मी उभा, आणि साडू म्हणतात, "वयनी, परात जराशी सरकवा, मागून राणीची पालखी येऊन राह्यली."

बाईंनी परात सरकवली. "राणीले सांगा भाऊजी, फरशी ओली हाये, पडशीन म्हणा." मग माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहून म्हणाल्या, "अन् हे हत्ती वाटते."

या वयनी म्हणजे जिभेने सोलून काढणारी बाई. साडूंचा राजा, राणी, पालखी सगळं थोतांड आहे, असं त्या त्यांच्या तोंडावर सांगायच्या आणि वर त्यांच्या येण्याच्या वेळेला मागच्या दाराची कडी काढून ठेवायच्या. त्यांच्या मुलीला पाहायला रिठदची मंडळी आली तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. बैठकीत पाहुणे, पोह्यांच्या बशा, पदर सावरून बसलेली मुलगी, आणि त्यातून चपला हातात घेऊन माझे साडू, त्यांच्यामागे मी. साडूंनी सगळ्यांना नमस्कार केला, मुलाच्या बापाला "पाय जरासे आत घ्या" म्हटलं आणि आम्ही आत गेलो. मागून त्या गृहस्थाचा घाबरा आवाज आला, "हे कोण होते?" वयनी म्हणाल्या, "काही नाई. रस्त्यानं जाणारे लोक हायेत." चार पावलं गेल्यावर मी मागे पाहिलं, तर मुलाचा बाप हातातल्या बशीसकट आमच्यामागे. रस्ता कुठवर जातो ते पाहायला आला होता. लग्न जमलं. साडू आजही म्हणतात की हत्तींनी जमवलं.

पण शहर बदलायला लागलं. शेटजींच्या दुकानात पोराने भिंतभर कपाटं ठोकली. तळ्याकडच्या मोकळ्या प्लॉटला कंपाउंड आलं. साडू प्रत्येक नव्या भिंतीसमोर उभे राहायचे, तळहात टेकवायचे आणि चेहरा पाडून वळसा घालायचे. शेवटी आरपार जायला एकच घर उरलं, वयनींचं. आणि गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने ते पाडून स्लॅबचं बांधायचं ठरवलं. नकाशात मागे न्हाणीघर होतं, दार नव्हतं.

ते कळल्यापासून साडू घरातून निघेनात. टीव्ही बंद, आणि त्याच्यासमोर बसलेले. मी गेलो तर म्हणाले, "साडभाऊ, थो रस्ता गेला म्हणजे मंग हे नुसतं वाशिम राह्यते."

"मग सांगा ना वयनींना."

"कोन्त्या तोंडानं? घर त्यायचं हाये. मी कोण, रस्त्यानं जाणारा."

आखणीच्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढूनच नेलं. घर पडलं होतं. मोकळ्या जागेवर फक्त चुन्याच्या रेघा. त्या दिवशी एकही भिंत नव्हती. हत्तींची अख्खी रांग नेली असती तरी कोणी अडवलं नसतं. पण साडू बोळाच्या कडेलाच थांबले, सवयीने चपला हातात घेऊन. वयनी विटांच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून मिस्त्र्यावर तोंड सोडत होत्या. त्यांचं लक्ष गेलं. "या न भाऊजी." साडूंनी मानेनेच नको म्हटलं. तिकडे मुलगा मिस्त्र्याला सांगत होता की मागून सलग भिंत घ्या. मिस्त्र्याने दोरी ताणली. वयनींनी दोरीकडे पाहिलं, मग साडूंच्या हातातल्या चपलांकडे. त्या बाईने आयुष्यात कधी एकही राजा कबूल केला नव्हता. खुर्ची मागे ढकलून त्या उभ्या राहिल्या.

"ओ मिस्त्री, तिथं दार सोड. रस्ता हाये थो."