गेट लावून येईपर्यंत

अमेरिकेत, नोव्हाय गावात मी नवा होतो, गाडी नव्हती, तेव्हा शेजारचे काका दर शनिवारी मला भाजीला न्यायचे. रिटायर्ड इंजिनियर. गाडी मुंगीच्या गतीनं चालवायचे आणि बोलायचे एकाच विषयावर, काकूंबरोबर केलेल्या नामिबियाच्या ट्रिपवर. सिग्नल हिरवा झाला तरी हे अजून तिकडच्या लाल वाळूच्या डोंगरांतच. मागचे हॉर्न मारायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“तिकडे रस्ताच जनावरांच्या फार्ममधून जातो रे. हरणं, जिराफ सगळे मोकळे, म्हणून जागोजागी गेट. ते उघडायचं, लावायचं काम शेजारी बसणाऱ्याचं. तुझी काकू उतरायची. मी गाडी पलीकडे नेऊन थांबायचो, ती गेट लावून धुळीतून पळत यायची. एकदा गंमत म्हणून न थांबता जरा पुढे गेलो, तर दिवसभर बोलली नाही!”

इथे ते हसायचे. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. मला हसता यायचं नाही.

गाडी गॅरेजबाहेर काढली की काका रिमोटनं दार लावायचे आणि ड्राइव्हवेवर तसेच थांबायचे. थंडीत वाटायचं, इंजिन तापवत असतील. पण जुलैतही तेच. शेवटी कंटाळून मी म्हटलं, “काका, दार लागलं.”

“हो, लागलं,” ते म्हणाले. शेजारच्या सीटवर मी पट्टा लावून बसलो होतो, तरी आरशात बघत ते थांबूनच राहिले.