हुंकाराचा सराव

आमच्या मुक्ताला जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तिकडच्या विद्यापीठात जाण्याआधी ती जपानी शिकू लागली. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "समोरचा बोलत असताना गप्प बसायचं नाही. मध्येमध्ये मान हलवून हुंकार द्यायचा. नाहीतर त्याला वाटतं, आपलं लक्षच नाही."

सराव कुणावर करायचा? तर बाबांवर. हे पाणीपुरवठा खात्यात नोकरीला. जेवताना चार शब्दांपलीकडे जात नाहीत. पण मुक्ता दर वाक्याला मान लववून "हाय, हाय", म्हणजे जपानीत "हो, हो", म्हणायची आणि हे खुलत जायचे. गळक्या व्हॉल्व्हवरून सुरू झालेलं बोलणं पार त्यांच्या पहिल्या साहेबापर्यंत पोचायचं. बावीस वर्षांच्या संसारात मी जे ऐकलं नव्हतं, ते तिनं महिनाभरात ऐकलं. ऐकलं कसलं, तिचं सगळं लक्ष मान कधी हलवायची याकडे! मला ते दिसत होतं. ह्यांना दिसू नये, असं वाटायचं.

लहानपणी कहाणी सांगताना आमचा हुंकार आला नाही, की आत्या थांबायची. "कुणाला सांगू, भिंतीला?" म्हणायची. मोठेपणी ही रीत आपण कुठे टाकून देतो, कोण जाणे.

परवा मुक्ता गेली. काल जेवताना हे म्हणाले, "आज टाकीवर गंमतच झाली." आणि सवयीनं थांबले. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि पुन्हा भात कालवू लागले.

मी वाढायचं थांबले. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "हं?"