हौदावरच्या झाकणासाठी

आमदाराच्या घरी सुग्रा आपा चहाला हात लावायच्या नाहीत. कप समोर आला की तो बाजूला सरकवून म्हणायच्या, "साहेब, आधी बोलणं. चाय आली की माणसं उठतात." आणि खरंच होतं ते. समोरच्या मंडळींना वाटेला लावायचं असलं की आमदार आत बघून "चहा आणा रे" म्हणतो, हे मला त्यांच्यामुळं कळलं. आम्ही बाकीच्या आठ बायका निवणाऱ्या चहाकडं बघत बसायचो आणि त्या बोलत राहायच्या. पहिल्या खेपेला मला त्यांचा रागच आला होता. उन्हातान्हातून आलेल्या माणसानं घोटभर चहा घेतला तर काय आभाळ कोसळतं का!

आपांचे वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर त्यांची नोकरी गेली, पण लेकीला त्यांनी मराठी शाळेत घातलं. "अब्बा म्हणले, आता अर्ज ह्या जबानीत द्यावे लागतील, शीक." आपा शिकल्या, नर्स झाल्या आणि सगळा जन्म लहान मुलांच्या वॉर्डात काढला. चिकलठाण्याच्या बाजूला नव्या इमारती उठायला लागल्या तशी तिथून लेकरं यायला लागली, हौदात पडलेली. बांधकामाचं पाणी साठवायचा तो हौद उघडाच असायचा. आई घमेली वाहत वरच्या मजल्यावर आणि लेकरू खाली वाळूच्या ढिगावर एकटं. दवाखान्यात येईपर्यंत बहुतेक थंड पडलेली असायची. आपा त्यांना पुसून, भांग पाडून आईच्या हातात द्यायच्या.

निवृत्त झाल्या त्याच महिन्यात त्या आमच्या शाळेत आल्या. "विमलबाई, तुमचं अक्षर चांगलं हाय म्हणतात. आमदाराला अर्ज लिहायचाय." मी कन्नड तालुक्यातली, मराठीची शिक्षिका, अक्षराची तारीफ केली की पाघळणारी. लगेच कागद काढला.

मागणं एवढंसं होतं. हौदाला झाकण आणि लेकरांसाठी सावलीची एक खोली असल्याशिवाय बांधकामाला परवानगी द्यायची नाही, असा सरकारचा जीआर निघावा. मी अर्जात 'अनेक बालके' असं लिहिलं, ते आपांनी खोडायला लावलं. "अनेक म्हंजे कोण? आकडा सांगितला की आमदार आकड्यानं उत्तर देतो. नाव सांगितलं की त्याला खाली बघावं लागतं." मग त्या नावं सांगत गेल्या, एकही कागद न बघता. लिहिता लिहिता माझं अक्षर बिघडलं.

दरवर्षी अधिवेशनाला आम्ही एसटीनं नागपूरला जायचो. थंडीत फाटकाबाहेर पासासाठी उभं राहायचं, आत गेल्यावर जो आमदार दिसेल त्याला गाठायचं. एकजण वैतागून म्हणाला, "मावशी, आईनंच लक्ष द्यायला नको का लेकराकडं?" आपा शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तिच्या डोक्यावर तुमच्या घराची वीट हाय. डोळा कुठून ठेवंल?" त्याच्या स्वतःच्या घराचं बांधकाम तेव्हा चाललेलं होतं. त्यानं अर्जावर सही मात्र दिली नाही.

आपांचा आम्हाला एकच दंडक होता. "हार नाय, शाल नाय, फोटो नाय. जीआर हातात पडल्यावर बघू." आणि तो मी मोडला.

तिसऱ्या वर्षी आमच्या भागातल्या आमदारांनी सभागृहात प्रश्न विचारला आणि मंत्र्यांनी आश्वासन दिलं. आपांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून गटाची सूत्रं माझ्याकडं होती. आमदारांच्या माणसाचा फोन आला, "मॅडम, साहेबांनी एवढं केलं, छोटासा सत्कार तरी करा." मला वाटलं, खरंच की, माणसानं कृतज्ञ असावं. हॉल घेतला, शाल-श्रीफळ आणलं, भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'मागणी मान्य' आणि फोटोच्या मधोमध मी.

तो पेपर घेऊन मी धावत आपांकडं गेले. डोळ्यावर पट्टी होती, म्हणून मीच वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शाल दिली?"

"हो."

"जीआर आला?"

"येईल म्हणालेत."

"बाजारात तुरी अन् तू वरण वाढून मोकळी!" एवढंच म्हणून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

दोन महिन्यांनी मुंबईला खात्यात चौकशीला गेलो. कारकुनानं फाईल उघडून दाखवली. माझाच फोटो तिथं डकवलेला, खाली शेरा: प्रकरण निकाली. "ताई, तुम्हीच सत्कार केला ना? मग आता काय राहिलं?" त्याचं तरी काय चुकलं! मागणाऱ्यांनीच मिळालं म्हणून जाहीर केल्यावर सरकार कशाला हात हलवेल?

त्याच उन्हाळ्यात चिकलठाण्याला पूजा गेली. तीन वर्षांची. आईला तहान लागली असेल म्हणून प्लॅस्टिकचा मग घेऊन हौदावर गेली होती. आपा काळा चष्मा लावून माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हणाले, मला नाही जमणार. "चल," त्या म्हणाल्या, "अर्ज तुझ्या अक्षरातला हाय." पूजाची आई शांता पत्र्याच्या खोपीत बसली होती. आपांनी तिला जवळ घेतलं. मी खोपीच्या बाहेरच उभी राहिले.

पुढची चार वर्षं आपांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू केलं. नवा आमदार, नवा मंत्री, तोच अर्ज. माझी चूक त्यांनी कुणासमोर कधी उगाळली नाही. त्यांनी चारचौघांत झोडपलं असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वाटायचं.

शेवटी त्यांच्या किडन्या गेल्या. मी भेटायला गेले आणि इतक्या वर्षांचं ओठावरचं बोलले. "आपा, मला माफ करा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "माझ्याकडं काय मागती? माझं लेकरू गेलं का? तिच्याकडं जा." आठवड्याभरात त्या गेल्या. कफनाची तयारी चालली होती तेव्हा आम्ही आठजणी त्यांच्या ओट्यावर बसून होतो, आणि कुणीतरी आतून चहा आणला तो कुणीच घेतला नाही.

शांताला शोधायला मला पाच महिने लागले. मजुरांचा पत्ता म्हणजे आज इथं, उद्या तिथं. पैठण रस्त्यावरच्या एका बांधकामावर ती सापडली. कडेला दोन वर्षांचा पोरगा, लुगड्याच्या पट्टीनं पायाला बांधून खांबाला अडकवलेला. मी तिला सगळं सांगितलं. शाल, फोटो, फाईल, शेरा, काहीच लपवलं नाही. सांगताना रडू आवरेना. तिनं सिमेंटनं माखलेले हात तसेच धरून ऐकलं.

"बाई, ते मला नाय समजत," ती म्हणाली. "पर ह्या हौदावर झाकण टाकायला सांगा ना तेवढं. ह्याला आता गाठ सोडता यायला लागली."

मी मुकादमाला हाक मारली. तो आला, अगदी अदबीनं बोलला. "टाकायला काय हरकत नाय मॅडम. पण तसा काही जीआर हाय का?"

"नाही," मी म्हणाले.