सलीमचाचांच्या टोपीतली सुई

देवळाली कॅम्पच्या बाजारात सलीमचाचांना कुणी घाई केली, की ते हातातलं काम खाली ठेवून चहा मागवत. गिऱ्हाइकाने मुकाट्याने बसायचं. पण टोपी अशी शिवत, की डोक्यावर आहे हे डोक्यालाही कळू नये.

वडील मालेगावचे विणकर. मागांच्या खडखडाटाला कंटाळून चाचा तरुणपणीच कॅम्पात मामांच्या दुकानात आले आणि जन्मभर जवानांच्या टोप्या शिवत राहिले. मामांची एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. प्रत्येक टोपीच्या अस्तरात दोरा ओवलेली सुई टोचून ठेवायची. परमुलखात बटण तुटलं तर पोराने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? कारगिलहून परतलेला एक जवान पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "चाचा, तुमच्या दोऱ्याने वरती बटण लावलं." तेव्हापासून तर ही रीत काळ्या दगडावरची रेघ झाली.

अशा माणसाकडे २००७ साली तृप्ती मॅडमना घेऊन जायची अक्कल माझी. मॅडम नाशिकच्या एका कॉलेजात संशोधन करायच्या, मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक. मेंदूचं काम चालू असताना अगदी पुसट चुंबकत्व तयार होतं. ते मोजणारी यंत्रं अतिथंड द्रवाच्या पिंपात ठेवावी लागत, म्हणजे डोक्यापासून लांबच. मॅडमनी उसने आणलेले आगपेटीएवढे सेन्सर त्या थंडीशिवाय, साध्या खोलीत चालायचे. थेट टाळूला टेकवा! फक्त त्यांना घट्ट धरणारी टोपी हवी होती.

"लोखंडाचा कणही नको हं, चाचा," मॅडमनी बजावलं. चाचांनी मान डोलावली आणि बकल सोडून नुसत्या कापडी पट्ट्या लावल्या.

सेन्सर परत करायला एकच दिवस उरला होता. मेंदूची एक लहर दिसली तर ते वर्षभर आमच्याकडे राहणार, नाहीतर मॅडमची सगळी मेहनत पाण्यात. त्या रविवारी चाचांनी स्वतःचं टक्कल पुढे केलं. "घ्या, केसांची भानगडच नाय." घड्याळ, पट्टा, चपला काढून ते बाहेरचं चुंबकत्व अडवणाऱ्या पत्र्याच्या खोलीत बसले.

पडद्यावर डोंगराएवढ्या लाटा! चाचांनी श्वास घेतला की चढायच्या, सोडला की उतरायच्या. आमची मापं हादरवणाऱ्या देवळालीच्या सरावाच्या तोफांना मी सवयीने शिव्या घातल्या, पण रविवारी तोफा गप्प असतात. मॅडमनी आत जाऊन चिडून टोपी ओढली, तशी एक पट्टी उसवली. त्या रडू लागल्या.

"बेटी, रडायचं काय त्यात? आत्ता टाका घालतो," म्हणत चाचांनी अस्तरात बोट घातलं आणि चकचकीत पोलादी सुई बाहेर काढली.

श्वासागणिक लाटा उठवत होती ती हीच! चाचांच्या हिशेबी सुई टोपीचा भाग नव्हतीच, ती तर घालणाऱ्याची! आमच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं उमगलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्याच सुईने त्यांनी पट्टी शिवली. मग मॅडमनी मला सुईसकट बाहेर हाकललं. आवारातल्या कडुनिंबाच्या खोडात ती टोचून मी धावत परत आलो.

"डोळे मिटा, चाचा."

डोळे मिटल्यावर मेंदूत उठते ती बारीक, एकसारखी, देखणी लहर पडद्यावर उमटली.

"उघडा." लहर विरली. "मिटा." परत आली! मॅडम किंचाळल्या, मी टेबलावर थाप मारली. आतून चाचा ओरडले, "काय झालं? माझं डोकं चालतंय ना?"

"चालतंय, चाचा! दिसतंय!"

आठवड्याने चाचा दुसरी टोपी घेऊन आले. अस्तरात बाभळीचा काटा होता, बुडाला खाच पाडून दोरा बांधलेला. "रिकामी टोपी माझ्याने दिली जात नाय," ते पुटपुटले. मॅडमनी काटा सेन्सरसमोर हलवून पाहिला. पडदा ढिम्म. काटा टोपीतच राहिला.

पुढे मॅडम ती टोपी घेऊन परदेशातल्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांचा फोन आला, चाचांशी बोलायचंय म्हणून. मी मोबाइल घेऊन कॅम्प गाठला. मॅडमनी सांगितलं, तपासणीच्या मध्येच, टोपी एका लहान मुलीच्या डोक्यावर असताना पट्टी सुटली होती आणि अख्ख्या इमारतीत कुणाकडे सुईदोरा नव्हता.

"मग गं, बेटी?" चाचांनी घाबरून विचारलं.

"मग काय, चाचा? काटा होता ना."

चाचांनी फोन माझ्या हातात दिला, डोळे पुसले आणि चहा मागवला. त्या दिवशी घाई कुणीच केली नव्हती.