युवराजांच्या घरचा दुखवटा

आता काय सांगू तुम्हाला, एका मेसेजपायी मी धडधाकट माणसाच्या घरी दुखवट्याला जाऊन आलोय!

मी केंदूरचा. कंपनीत सुपरवायझर, आणि मोबाईलवरच्या राजेरजवाड्यांच्या गेममध्ये सेनापती. आमचा ग्रुप आहे. ग्रुपवर ज्यानं त्यानं आपल्या पात्राच्याच तोंडून बोलायचं. खरंखुरं, घरचं-दारचं काही असेल तर खासगी मेसेज करायचा, हा नियम. तो मोडणाऱ्याला झापायचं काम माझं. भारी तोरा होता मला त्याचा!

आमचे युवराज म्हणजे राहू गावचा गणेश. कधी भेटलो नव्हतो, पण दोन वर्षं रोज बोलणं. गेल्या वर्षी त्यानं मला गुळाची ढेप पाठवली होती, त्यावरनं पत्ता तेवढा माहीत.

एका रविवारी सकाळी त्याचा खासगी मेसेज आला. ‘वडील गेले. अजून कुणाला सांगितलं नाही. आता सगळं माझ्यावर आलंय. तुम्ही पाठीशी राहा.’

खासगीत आलाय म्हणजे खरंच की. फोन करावा? पण आपल्याकडं मयताच्या घरी फोनवर चौकशा करतात का? उठायचं आणि जायचं. चुलत्यांना, आबांना, गाडीवर मागं बसवलं, पांढऱ्या टोप्या खिशात घातल्या आणि सुटलो.

पोचलो तर दारात गणेश. फोटोत बघितलेलाच चेहरा, पण डोक्याचा पार गोटा! मग कसली शंका राहतेय? मी त्याच्या गळ्यातच पडलो. हुंदका आवरेना हो!

“अहो, कोण तुम्ही?”

“सेनापती!” म्हणालो आणि आणखी रडलो.

ओसरीवर एक म्हातारे चहा पीत होते. आबा त्यांच्याशेजारी टेकले. “लई वाईट झालं. वय काय होतं वो?”

“कुनाचं?”

“गणेशच्या वडलांचं.”

“अडुसष्ट. पन होतं कसलं? हाय की अजून. मीच त्यो!”

आबांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. गणेशनं कपाळाला हात लावला. “अहो सेनापती, राजा मेलाय! गेममधला! बाकीच्यांना कळू द्यायचं न्हवतं, म्हणून तुम्हाला एकट्याला लिहिलं.”

“आन् हा गोटा?” आबांनी विचारलं.

“तिरुपतीचा!”

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. गणेशच्या वडलांच्या, आप्पांच्या, पायांवर डोकं ठेवलं. दोन वर्षांची दोस्ती गेली, असंच धरून चाललो होतो. पण आप्पा काही चिडले नाहीत. उलट लेकाला म्हणाले, “मोबाईलातला का असंना, दोस्त चांगला धरलाय. माझ्यासाठी एवढ्या लांबून रडत आलं पोरगं.” आणि पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. फार बरं वाटलं मला.

निघताना हात जोडले. “आप्पा, परत असं होणार नाही.”

“त्याचाच तर घोर लागलाय,” आप्पा म्हणाले. “मी खरंच गेलो की गणेश तुला मेसेज टाकणार, आन् तू म्हणशील, गेममधला राजा असंल. बसशील घरीच!”