सरलाबाईंचा पाहुणा जावई

रायपूरच्या बूढापाऱ्यात सरलाबाई ढोकेंशी भांडून कुणी जिंकलं, असं अजून ऐकिवात नाही. गल्लीतली नाली तुंबली तेव्हा महापालिकेच्या साहेबाला खुर्चीसकट उचलून आणायची धमकी त्यांनी दिली होती, आणि साहेब मुकाट्यानं पायी आला. कुठल्या टेबलासमोर हात जोडायचे आणि कुठल्या टेबलावर हात आपटायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण पक्कं ठाऊक होतं. नवरा देवीदास रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झालेला. मुळातच शांत माणूस, लग्नानंतर आणखी शांत झाला.

अशा बाईची मान एकाच गोष्टीनं खाली जायची. जावई घरात राहत होता.

यात लाजायचं काय, असं कुणी विचारेल. त्यानं समोरच्या शामरावांकडे बघावं. शामराव लग्नानंतर सासऱ्याच्या घरी राहायला आले ते तिथेच म्हातारे झाले. सासऱ्याचं औषधपाणी केलं, छपराचे पत्रे बदलले, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण नळावरून, वर्गणीवरून, कशावरूनही भांडण पेटलं आणि हरायची वेळ आली की सरलाबाईंचं शेवटचं हत्यार ठरलेलं. "तुमी तं बोलूच नका, घरजावई." शामराव चष्मा पुसत घरात जायचे.

आणि मग सरलाबाईंची मोनाली कॉलेजातून बराकाला घेऊन आली. बराका टांझानियाचा, रायपूरला कॉम्प्युटर शिकायला आलेला. सरलाबाईंनी त्याची जात विचारली नाही, रंग विचारला नाही. ज्या गोष्टीसाठी जन्मभर मोर्चे काढले, ती दारात आल्यावर पाय मागे घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. कोर्टात लग्न झालं, विहारात वंदना झाली, अख्ख्या गल्लीला जेवण झालं. अडचण मागाहून कळली. त्याच्या व्हिसावर नोकरीची मनाई. म्हणजे सरकार म्हणणार, खुशाल राहा, पण कमावू नको! असला कायदा करणाऱ्यांना एकदा सरलाबाईंच्या समोर बसवायला पाहिजे. मोनालीच्या एकटीच्या पगारात शंकर नगरसारख्या महागड्या वस्तीत भाड्याच्या खोलीचं दारसुद्धा आलं नसतं. बराका सासरीच राहिला.

तेव्हा सरलाबाईंनी तोड काढली. जावई राहत नाही, पाहुणा आलाय. आणि पाहुणा म्हटला की तो जायला पाहिजे. म्हणून दर महिन्याला एकदा बराका इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन घराबाहेर पडे. सरलाबाई दारात उभ्या राहून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, पोचल्यावर फोन करा जावईबापू, म्हणत आणि वाटेसाठी चिवड्याची पुडी देत. बराका बूढा तालाबाच्या काठी बाकावर बसून चिवडा खाई, मोबाइलवर फुटबॉल बघे आणि दिवेलागणीला परत येई. शेजारच्या पद्मिनीबाई न चुकता विचारत, आले का जावईबापू? तो म्हणे, आलो ना काकू, गाडी लेट होती. देवीदासच्या संगतीनं त्याची वऱ्हाडी इतकी साफ झाली होती की नागपूरचे नातेवाईक फोनवर फसत.

गल्लीला सगळं ठाऊक होतं. पण कुणाचं रेशन कार्ड, कुणाचा ठाण्यात अडकलेला पोरगा, सगळं सरलाबाईंनीच सोडवलेलं. त्यांची लाज ती गल्लीची लाज, एवढा हिशेब साधा होता.

परदेशी माणसाला इथे राहायचं तर राहण्याचा सरकारी परवाना लागतो आणि मुदत संपली की तो नवा करून घ्यावा लागतो. यंदा ते कामही सरलाबाईंनी अंगावर घेतलं. लग्नाचा दाखला, लाइट बिल, पासपोर्टच्या झेरॉक्स, सगळं झालं. फोटो मात्र परत आला. स्टुडिओवाल्यानं जुन्या सवयीनं बराकाचा चेहरा गोरा करून दिला होता, आणि ऑफिसातला बाबू पासपोर्ट आणि फोटो शेजारी धरून विचारत होता, यातला अर्जदार कोण. सरलाबाई तडक स्टुडिओत गेल्या. तिथे त्या काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या स्टुडिओत तेव्हापासून कुणीच गोरं होत नाही.

उरली होती पोलिसांची चौकशी. मागच्या वेळचा पोलीस घरात चहा पिऊन, कागद बघून गेला होता. या वेळी आलेला हवालदार नवा होता आणि नियमाचा पक्का. चहाला नाही म्हणाला. शेजारी सांगतील हा माणूस इथेच राहतो, तरच सही, असं सांगून तो भर गल्लीत उभा राहिला.

पहिला नंबर किराणावाल्या हिरालालचा. हिरालालनं सरलाबाईंकडे पाहिलं. सरलाबाई आभाळाकडे बघत होत्या. हिरालाल म्हणाला, नहीं साहब, मेहमान हैं, आते-जाते रहते हैं. पद्मिनीबाई तर पुढे सरसावूनच बोलल्या. अशा घरचे जावई सासरी पडून राहत नसतात, कालच आले, उद्या जातील.

मग शामराव. जन्मभराच्या अपमानाचं उट्टं काढायची संधी आयती चालून आली होती. शामरावांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि म्हणाले, "पाहुणे हायेत."

तो भलेपणा सरलाबाईंना थोबाडीत बसल्यासारखा लागला.

एवढ्यात घरातून बराका बॅग घेऊन बाहेर आला. त्याला वाटलं, आज पाहुणेपण जरा जोरात दाखवायचं आहे. हवालदाराला नमस्कार करून म्हणाला, "मी तं गावाले चाललो साहेब."

हवालदारानं कागदाची घडी घातली. "माताजी, रहता ही नहीं, तो परमिट किस बात का? नहीं रहता, यही लिख देता हूँ।"

मोनाली उंबऱ्यात उभी होती. ती नेहमीप्रमाणे हिंदीतच बोलली, पण हळू. "आई, ये गया तो मैं भी जाऊँगी।"

सरलाबाईंनी सवयीनं पदर खोचला आणि हवालदारावर तोंड सोडलं. पण दोन वाक्यांत त्यांच्या लक्षात आलं की भांडायला समोर कुणी नाही. जे काही होतं ते त्यांनीच पेरलेलं. त्या थांबल्या. कान लाल झाले. मग त्यांनी तोच, 'पोचल्यावर फोन करा'वाला आवाज काढला.

"लिहा साहेब. इथंच राहते तो. घरजावई हाये. माझा घरजावई हाये."

गल्लीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग हिरालाल म्हणाला, हव साहब. पद्मिनीबाई म्हणाल्या, हव. शामरावही म्हणाले. हवालदार चिडला. आत्ताच सगळे नाही म्हणत होते, आता सगळे हव-हव, त्याला काय बुद्धू समजले? त्यानं बराकाकडे बोट केलं. "तू बता। नल कब आता है? मेहमान को ये पता नहीं होता।"

बराकानं बॅग खाली ठेवली. इतक्या दिवसांत त्याला आवडीच्या विषयावर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"टाइम नाई साहेब. पहिले पद्मिनीकाकूचा नळ खाकरते, तवा समजायचं का आलं. पहिलं पाणी लाल, ते भांड्याले. हिरालाल भैयाचा पाइप फुटका हाये, तिथं पाय घसरते. आमच्याकडे धार बारीक. मंग सासूबाई मले पलंगाखालचा टुल्लू लावाले सांगते."

टुल्लू म्हणजे नळाच्या लाइनीतून शेजाऱ्यांचंही पाणी ओढून घेणारा पंप. त्याच्या विरोधात गेल्या उन्हाळ्यात महापालिकेवर मोर्चा गेला होता. सर्वांत पुढे, घोषणा देत, सरलाबाई.

हिरालाल हळूच म्हणाला, "तभी मेरे यहाँ बूँद नहीं टपकती थी, दीदी।"

सरलाबाईंनी तो पंप केव्हाचा बंद पडलाय असं ठासून सांगितलं. त्यावर देवीदास, जो वर्षभरात गल्लीत एक वाक्य बोलला नव्हता, म्हणाला, "कालच तं तेल टाकलं मी त्याले."

हवालदार इतका हसला की त्याला ओट्यावर बसावं लागलं. चहाही त्यानं मागून घेतला. ये यहीं रहता है, असं म्हणत त्यानं कागद उलगडला, आणि हिरालाल व शामरावांनी साक्षीला सह्या केल्या. मग सगळी गल्ली पंप काढायला घरात शिरली. बराका अदबीनं बाजूला उभा राहिला, कारण गल्लीच्या देखत पाहुण्यानं या घरात कधी पेलासुद्धा उचलला नव्हता. सरलाबाई त्याच्यावर खेकसल्या. "पाहत काय राहिला? घरचा हायेस ना? उचल."

परवाना आला तसा सरलाबाईंनी त्याचा प्रिंट काढून प्लास्टिकमध्ये मढवून घेतला आणि घरोघर नेऊन दाखवला. पद्मिनीबाईंना मुद्दाम शिक्क्यावर बोट ठेवून सांगितलं, "घरजावई तं लोकाईकडे बी असतात. सरकारनं मंजूर केलेला दाखवा मले कोणाकडे हाये तं."