मागची भिंत

आमच्या खात्यात त्याला सगळे 'फुंकर' म्हणायचे. विमानाच्या इंजिनातली पाती आतून पोकळ असतात. आतून हवा खेळावी, ती तापून वितळू नयेत म्हणून त्यांना लेसरने सुईएवढी बारीक भोकं पाडायची, हे त्याचं काम. तपासायला यंत्रं होती, तरी हा पठ्ठ्या प्रत्येक पातं ओठांना लावून फुंकून बघायचा.

"बायकोपेक्षा पात्यांचेच मुके जास्त घेतोस," मी चिडवायचो. मी तपासनीस. त्याच्या सहीखाली माझी सही.

भोकं पाडण्याआधी पात्यात मेण ओतायचं असतं, नाहीतर किरण आरपार जाऊन पोकळीपलीकडच्या, पात्याच्याच मागच्या भिंतीला आतून चरा पाडतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण पातं पुढे कधीतरी तडकतं. एका दुपारी दवाखान्यातून बायकोच्या रिपोर्टचा फोन आला आणि त्या तंद्रीत त्याने बारा पाती मेणाशिवायच यंत्राला लावली. आज जळक्या मेणाचा वास कसा आला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर ती तीनशे पात्यांत मिसळली होती. त्याने तीनशेच्या तीनशे फुंकून पाहिली. वारा सगळ्यांतून सारखाच येत होता.

गप्प बसला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण तो मला घेऊन थेट साहेबाकडे गेला. "चूक माझी आहे. सगळी मोडीत काढा."

"कागद बरोबर आहेत ना? मग तोंड बंद ठेव," साहेब म्हणाला आणि त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. मी शेपूट घातलं. सही केली. पुढे फुंकरने वरपर्यंत पत्रं लिहिली, तेव्हा माझीच सही दाखवून त्याला घरी बसवलं. इतका हलकट मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

त्याच हिवाळ्यात त्याची बायको गेली. मी त्याच्या घरी होतो. परदेशातल्या लेकीचा फोन आला.

"बाबा, मी मिळेल त्या विमानाने निघते."

"नको. विमानात बसू नकोस."

"अहो, माझी आई गेलीय! काका आहेत का तिथे? त्यांना द्या फोन."

मी फोन घेतला.

"काका, बाबांनी त्या पात्यांचा धसका घेतलाय. तुम्ही तपासली होती ना? चांगली होती ना? मी येऊ ना?"

साहेबासमोर न उघडलेलं तोंड तेव्हा उघडलं.

"नको येऊस, पोरी."